एका दिवसात सुटलेली तंबाखू

स्वयंपाकघराच्या दारात मी अडकून उभा होतो, तेव्हा माझ्या मुलाने माझ्या आजाराचं कारण शोधून काढलं.

अडकून म्हणजे खरोखरच अडकून. हा पार्किन्सन घरात आल्यापासून दार दिसलं की माझे पाय संप करतात. हॉलमध्ये मी बरा चालतो. चौकट आली की तळवे फरशीला चिकटतात. डोकं म्हणतं चल, पाय म्हणतात तूच जा. मग कोणी येऊन सोडवेपर्यंत तिथंच उभं राहायचं. त्यात आवाज बसलेला. मी ओरडलो तरी लोकांना वाटतं म्हातारा स्वतःशी पुटपुटतोय. दारात उभा राहून मी आमच्या घरातलं बरंच काही ऐकलेलं आहे, आणि त्यातलं निम्मं ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

त्या सकाळी सुदर्शन ओट्याला टेकून मोबाइल वाचत होता. हा माझा मुलगा, हिंजवडीला एका कंपनीत आहे. आठवडाभर स्क्रीन बघून त्याचं पोट भरत नाही, म्हणून सुट्टीला घरी बसून पुन्हा स्क्रीनच बघतो. त्याची आई, विमल, परातीत कणीक मळत होती.

"आई, हे ऐक. तंबाखूत निकोटीन असतं ना, ते म्हणे ब्रेन सेल्स प्रोटेक्ट करतं. पार्किन्सनमध्ये ज्या पेशी मरतात ना, त्याच. सिगारेट ओढणाऱ्यांना हा आजार कमी होतो, कितीतरी स्टडीजमध्ये दिसलंय."

"आणि खाणाऱ्यांना?" विमलने विचारलं.

"खाणाऱ्यांनाही. उंदरांवर प्रयोग झालेत. आता बाहेरच्या देशात पेशंटला निकोटीनचे पॅच लावून ट्रायल चाललीय. भारी आहे ना? म्हणजे बाबांनी जर सोडली नसती तर..."

एवढं बोलून त्याला कळलं आपण काय बोललो ते. इंजिनिअर आहे, जरा उशिरा कळतं.

विमलचे हात परातीत थांबले. तिने वर पाहिलं, तर समोर दारात मी.

"मीच सोडायला लावली," ती म्हणाली.

"काहीतरी मूर्खासारखं वाचू नकोस," असं मी सुदर्शनला म्हणालो. म्हणजे म्हणायला गेलो, ओठ हलले असतील फार तर. विमल तशीच कणकेच्या हाताने उठली, माझ्यापुढे आली आणि तिने आपला पाय माझ्या पायांसमोर आडवा ठेवला. ही युक्ती व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलेली. समोर ओलांडायला काही दिसलं की अडकलेलं पाऊल उचलतं. मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. धरणांच्या, कालव्यांच्या रेघा ओढण्यात नोकरी गेली, आणि आता रेघ दिसल्याशिवाय मला चालता येत नाही. सुदर्शनने घरभर फरशीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्यात. स्वयंपाकघराच्या दारातली पट्टी सारखी पुसून पुसून निघून गेलीय, म्हणून तिथे विमलचा पाय.

मी तिचा पाय ओलांडून आत गेलो. एरवी ती म्हणते, "आले बाई एकदाचे." त्या दिवशी काही म्हणाली नाही.

आता तंबाखूचं सांगितलं पाहिजे. नोकरीला लागलो तेव्हापासून मी तंबाखू खायचो. डाव्या तळहातावर चिमूट, वर चुना, अंगठ्याने मळायची, दोन थापा मारायच्या आणि ओठाखाली. रेघ मारताना हात स्थिर राहतो, असा आमच्या सगळ्या ऑफिसचा समज होता. विमलला तिचा भयंकर तिटकारा. लग्नानंतर पहिल्याच रविवारी आम्ही विहारात गेलो, वंदना झाली, पंचशील म्हणून झालं, आणि बाहेर चपला घालताना ती म्हणाली, "मादक पदार्थांपासून दूर राहीन असं आत्ताच म्हणालात. खिशात काय आहे?"

मी म्हणालो, "पाचव्या शीलात दारू आहे. तंबाखूचं नाव कुठंय?"

"वकील व्हायचं होतं तुम्ही," ती म्हणाली आणि घरापर्यंत बोलली नाही.

सोडायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. सुदर्शनच्या जन्माच्या वेळी मी खडकवासल्याला होतो. मुलगा झाल्याचा निरोप आला, तसा उठलो आणि तंबाखूची पितळी डबी कॅनॉलमध्ये भिरकावून दिली. विमलला दवाखान्यात जाऊन सांगायचं होतं की बघ, सोडली. दुपारपर्यंत डोकं असं ठणकायला लागलं की नकाशावर दोन रेघा दिसायला लागल्या. साहेबांवर खेकसलो. संध्याकाळी दत्तोबा शिपायापुढे हात पसरला. दवाखान्यात गेलो तेव्हा ओठाखाली तंबाखू होती. विमलला वासावरून कळलं. पुढे कितीदा सोडली आणि कितीदा धरली त्याला गणती नाही. प्रत्येक वेळी तेच. घाम, चिडचिड, हाताला चाळा, आणि शेवटी दत्तोबा.

मग एकदा ती सुटली. ऑफिसात कॉम्प्युटर आले होते, आमची ड्रॉइंग बोर्डं गोदामात गेली होती, वारज्याचा हा फ्लॅट नुकताच घेतला होता. बुद्धपौर्णिमेच्या सकाळी विमल म्हणाली, "आज माझी शपथ आहे. पाचवं शील म्हणणार असाल तर खरं म्हणा, नाहीतर गप्प बसा." मी पुडी कचऱ्यात टाकली. आणि काय सांगू, काहीच झालं नाही. डोकं दुखलं नाही, तलफ आली नाही. दुसऱ्या दिवशी आठवणसुद्धा झाली नाही. विमल महिनाभर माझे खिसे तपासत होती. मग तिला खरं वाटलं, आणि ती चारचौघांत माझ्याकडे असं बघायला लागली की लग्न झाल्यापासून कधी बघितलं नव्हतं.

विहाराच्या मंडळाने माझा सत्कार केला. शाल दिली, मी भाषण केलं. मनावर घेतलं की सुटते, असं ठणकावून सांगितलं. आजूबाजूच्या बायका आपल्या नवऱ्यांना धरून माझ्याकडे आणायला लागल्या. विमल चहा करता करता त्यांना गोष्ट सांगायची. आधी कॅनॉलमधल्या डबीची. "सकाळी टाकली आणि संध्याकाळी शिपायाकडे भीक मागितली," असं म्हणून सगळ्यांना हसवायची. मग आवाज खाली आणून म्हणायची, "पण शेवटी माझ्या शब्दाखातर एका दिवसात सोडली हो." थंडीत मला ती शाल पांघरताना आजही तिचा हात खांद्यावर जरा जास्त वेळ राहतो. मी काही फार थोर माणूस नाही. बढती मिळाली नाही, फ्लॅटचा अर्धा भार मुलाने उचलला. बायकोला द्यायला माझ्याकडे एवढी एकच चीज होती.

तर सुदर्शनने ते वाचून दाखवलं आणि विमल बदलली. माझ्यावर चिडेनाशी झाली. आमच्या घरात हे वाईट लक्षण. शर्टाची बटणं लावताना ती पूर्वी म्हणायची, "नवरदेव, हात खाली घ्या." आता नुसतीच लावायची. ताटात अर्धी भाकरी घ्यायची आणि तीही उरवायची. सुदर्शनने तिला दहादा सांगितलं, "आई, तसं काही प्रूव्ह झालेलं नाहीये." ती म्हणायची, "तूच वाचलंस ना?" त्यावर तो मोबाइलमध्ये तोंड घालायचा.

एके दुपारी ती खालच्या टपरीवर गेली. तीच टपरी, जिच्यापुढे उभ्या असलेल्या पोरांना तिने कधीकाळी आयांची नावं घेऊन हाकललं होतं. पुडी घेऊन आली आणि चुन्याची नळी. माझ्यासमोर बसून तळहातावर मळायला लागली. तिला येत नव्हतं, चुना जास्त झाला. माझ्या हातात तर चमचा राहत नाही, चिमूट कुठून राहणार. तिने स्वतःच्या बोटांनी माझा ओठ खाली ओढून ती आत ठेवली.

"अगं, नको," मी म्हणालो.

"असू दे. पेशी वाचतील."

ओठ भाजला. बाकी काही नाही. ना ती ओळखीची गरमी, ना डोक्यात काही हललं. कागद चावावा तसं. मला वाटलं होतं, निदान जुनी मजा तरी येईल. तिच्या डोळ्यांकडे बघून मी थुंकलो नाही. असं आठवडाभर चाललं. रोज जेवणानंतर ती मळायची आणि मी निमूट ओठ पुढे करायचो. आयुष्यभर जिच्यापासून लपवून खाल्ली, तिच्याच हातून खात होतो, आणि दोघांपैकी एकालाही त्यात सुख नव्हतं.

शेवटी एकदा मला गरगरलं, ओकारी झाली आणि मी बाथरूमच्या दारात कोसळलो. सुदर्शन कंपनीतून धावत आला आणि आम्ही डॉक्टर उल्काताईंकडे गेलो. मेंदूच्या डॉक्टर आहेत, बोलायला कोरड्या, पण माझ्या तोंडाजवळ कान आणून ऐकतात. त्यांनी आधी विमलला चांगलं झापलं, मग औषध आणायला खाली पाठवलं. सुदर्शन गाडीला जागा शोधत फिरत होता. खोलीत आम्ही दोघंच उरलो.

"निकोटीनने पेशी वाचतात का, हे माणसात अजून कोणी सिद्ध केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो, हे मात्र केव्हाच सिद्ध झालंय. तेव्हा बंद."

"मग खाणाऱ्यांना कमी का होतो?" मी विचारलं.

"निकोटीन खरंच वाचवत असेल. किंवा सगळं उलटंही असेल. तुम्हाला सोडताना त्रास झाला होता?"

हा प्रश्न मला फार आवडतो. मी जेवढं ताठ बसता येतं तेवढा बसलो आणि सांगितलं. एका दिवसात. तलफ नाही, काही नाही.

"आधी कधी प्रयत्न केला होता?"

"पुष्कळदा. तेव्हा जीव जायची वेळ यायची."

"आणि या वेळी काहीच नाही." त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "त्या सुमाराला वास कमी यायला लागला होता का?"

 मला आठवलं. त्याच वर्षी ओट्यावर गॅस न पेटताच चालू राहिला होता आणि मी शेजारी बसून पेपर वाचत होतो. विमलने बाहेरून येऊन खिडक्या उघडल्या आणि मला म्हणाली, "नाक गहाण टाकलंय का?"

"हा आजार हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतो," उल्काताई म्हणाल्या. "आधी वास जातो. आणि तलफ भागली की जे बरं वाटतं ना, ते वाटायचंही कमी होत असावं. मग व्यसनाची पकड आपोआप ढिली पडते. काही संशोधकांचं म्हणणं आहे की सोडल्यामुळे आजार होत नाही. आजार सुरू झालेला असतो, म्हणून सहज सोडता येते. हेही पक्कं नाही. पण तुमच्या बाबतीत मला हेच जास्त पटतं."

मी खुर्चीत होतो, समोर दारही नव्हतं, तरी अडकलो.

"मिसेसना सांगू का मी? त्यांनी फार मनाला लावून घेतलेलं दिसतंय."

"नको," मी म्हणालो. "मी सांगतो."

आणि सांगितलं नाही. किती दिवस गेले कोण जाणे. रोज सकाळी गोळी घेतली की तासभर माझी जीभ वळते. तेवढ्या वेळात सांगायचं ठरवायचो आणि पेपर मागायचो. काय सांगणार होतो? की बाई, तुझा काही दोष नाही, कारण तुझ्या शब्दाने काही झालंच नव्हतं? मंडळाने शाल पांघरली ती एका आजाराला? तू दारोदार जी गोष्ट सांगत फिरलीस, तीत मी नव्हतोच? मला राग येत होता. डॉक्टरांचा, सुदर्शनच्या मोबाइलचा, स्वतःचा. हात गेला, आवाज गेला, चेहरा गेला, हे मी सोसलं. चेहरा गेला म्हणजे तो आता हलत नाही. हसलो तरी कळत नाही आणि रडलो तरी नाही. पण ती एक गोष्ट मागे जाऊन माझ्याकडून काढून घ्यायची, हा निव्वळ दरोडा होता. न सांगावं तर विमल समोर अर्धी भाकरी चिवडत बसलेली.

रविवारी आम्ही विहारात गेलो. मला भिंतीशी खुर्ची देतात, विमल शेजारी खाली बसते. सगळे पंचशील म्हणायला लागले. माझा आवाज कुणाला ऐकू येत नाही, म्हणून मी तिचाच आवाज ऐकत असतो, तिचा खणखणीत आहे. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं, चौथं. पाचव्याला माझ्या शेजारी शांतता. मी खाली पाहिलं. विमलने हात जोडलेले होते, ओठ मिटलेले होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खरं म्हणता येत नसेल तर गप्प बसा, असं तिनेच मला एकदा सांगितलं होतं. ती गप्प बसली होती.

घरी आल्यावर मी गोळीचा अंमल चढायची वाट पाहिली आणि तिला हॉलमध्ये समोर बसवलं. माझ्या खांद्यावर मंडळाची ती शाल होती. डॉक्टर जे म्हणाल्या ते सगळं सांगितलं. वासाचं, गॅसचं, तलफेचं. ती पुढे झुकून, माझ्या ओठांकडे बघत ऐकत होती.

"म्हणजे आजार आधीच होता?" तिने विचारलं.

"होता."

"मग माझ्यामुळे नाही झाला."

"नाही. तू शपथ घातली नसतीस तरी झाला असता."

"तुम्ही माझं मन राखायला सांगताय."

"डॉक्टरांना फोन लाव."

तिने फोन लावला नाही. पदर तोंडाला लावून ती खूप रडली, इतक्या दिवसांचं सगळं. मला बरं वाटलं. मग तिने डोळे पुसले आणि माझ्या शालीचा काठ हातात घेतला.

"म्हणजे तुम्ही ती माझ्यासाठी सोडली नव्हती," ती म्हणाली.

मला पुष्कळ बोलायचं होतं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, उत्तर तिथे असेल म्हणून. तिथे काही नव्हतं. हे तोंड आता लाकडाचं झालंय, ते तिलाही माहीत आहे, तरी तिने पाहिलं. माझी जीभ जड व्हायला लागली होती.

"विमल," मी म्हणालो. पुढचं आलं नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "मला भूक लागलीय."

ती आत गेली. ताटाचा आवाज आला, डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठलो आणि पट्ट्या ओलांडत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. तिथे अर्थातच अडकलो. ती माझ्याकडे पाठ करून खाली बसली होती. एक भाकरी संपवून तिने दुसरी घेतली. सोबत ठेचा होता, पाणी प्यायली, पुन्हा जेवायला लागली. इतकं पोटभर जेवताना मी तिला कितीतरी दिवसांनी बघत होतो. करायला हवं होतं ते मी केलं होतं, आणि तिथे उभं राहून मला वाटत होतं की आता या घरात मी फक्त आजारी माणूस आहे.

हात धुऊन ती वळली तेव्हा मी दिसलो. ती आली आणि तिने पाय आडवा ठेवला. नजर खाली, पायाकडे.

"या," ती म्हणाली.

मी पाय उचलला नाही.

"काय झालं? उचला ना."

"डबी," मी म्हणालो.

"कसली डबी?"

दुसऱ्यांदा म्हणायला मला बराच वेळ लागला. ती कान जवळ आणून थांबली. "कॅनॉलमधली."

"ती?" ती म्हणाली. "ती तर संध्याकाळी परत मागून खाल्लीत."

"हो," मी म्हणालो. "ती तुझ्यासाठी टाकली होती."

 ती पाय तसाच आडवा ठेवून उभी राहिली, आणि मलाही ओलांडायची घाई नव्हती.